अंधारातलं वाक्य

आमच्याकडे गुरुवारी नाटक असायचं. म्हणजे आम्ही ते वाचायचो. दुपारी चारला समोरच्या खोलीत, दिवाणावर, खुर्च्यांवर, जागा उरली नाही तर खाली सतरंजीवर बसून पाच-सहा माणसं झेरॉक्सचे कागद हातात धरायची आणि आपापली भूमिका मोठ्याने वाचायची. मध्ये पोहे व्हायचे, वर शेव, जीरावनचा मसाला, लिंबू. पोहे होते हे मी आधीच कबूल करून टाकते, कारण पुढे ह्या पोह्यांवरूनच आमची शोभा झाली.

मी इंदूरच्या शाळेत गणित शिकवलं. यजमान विमा कंपनीत होते. त्यांना मी इथे ‘हे’ म्हणेन, आयुष्यभर तेच म्हणत आले. ह्यांना नाटकाचा भारी नाद, पण स्टेजवर जायची छाती नव्हती. एकदा गणेशोत्सवात इथल्या मराठी मंडळाने शिपायाचं काम दिलं. एकच वाक्य होतं, तेही विंगेतच राहिलं. समोरच्या खोलीत कागद हातात आला की मात्र हा माणूस वेगळाच व्हायचा. आवाज खाली उतरायचा, पाठ ताठ व्हायची. मला वाटायचं, बघायला आले तेव्हा ह्यातलं काहीच कुणी मला दाखवलं नव्हतं.

बाकी मंडळी तशी थोडीच. कोर्टात जाणं सोडलेले एक वकीलकाका होते, एका कानाने कमी ऐकणारे. माझी धाकटी जाऊ होती, तिला कुठल्याही बाईचं काम द्या, शेवटी ती रडूनच वाचायची. आणि इंदूरबाहेर सांवेरच्या शाळेत शिकवणारी एक मुलगी, माझ्या लेकीच्या वयाची. सकाळची शाळा आटोपून बसने यायची आणि सहाच्या बसने परत जायची. एवढा खटाटोप कशाला करतेस असं मी तिला एकदा विचारलं. ती म्हणाली, “काकू, तिथे पूर्ण हफ्ता मराठी बोलायला कोणीच नाही. भूलून जाईन मी.”

आमच्या सगळ्यांचा एक नट होता. त्याचं नाव लिहीत नाही. राग अजून गेलेला नाही, आणि रागात माणसाचं नाव घेऊ नये असं मला वाटतं. त्याच्याविषयी आम्ही कायम एकेरीतच बोलायचो, घरातल्या कर्त्या मुलाबद्दल बोलावं तसं. “त्याने वजन कमी केलंय,” “त्याला मालिकेत जायची काय गरज होती?” अशा चर्चा पोह्यांबरोबर चालायच्या. जाऊने त्याच्याबरोबरचा स्वतःचा एक फोटो फ्रेम करून फ्रिजच्या वर ठेवला होता. त्यात तिचा अर्धा चेहरा दुसऱ्या बाईच्या अंबाड्यामागे आहे, तरी ठेवला होता.

त्याचं एक नाटक होतं. आडबाजूचं लहानसं स्टेशन, तिथे गाड्या थांबणं बंद झालंय, स्टेशन मोडायचा हुकूम आलाय, आणि स्टेशनमास्तर तरीही रोज कोट चढवून फलाटावर येतो. तो मास्तर हा करायचा. ते नाटक इंदूरला एकदाच आलं, लेक तिसरीत होती तेव्हा. तिच्या अंगात ताप होता. तिला शेजाऱ्यांकडे ठेवून आम्ही गेलो होतो आणि माझं अर्धं चित्त तिच्यापाशी होतं. दुसरा अंक ऐन रंगात आला आणि वीज गेली. हॉलमध्ये डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार. जनरेटर सुरू व्हायला वेळ लागला. त्या अंधारात एक वाक्य आलं.

“कुणी उठू नका. मी इथेच आहे.”

दिवे आले तेव्हा तो स्टेजवर जिथे होता तिथेच उभा होता. निदान मला तसं आठवत होतं. आणि मी गणितवाली, मला जे आठवतं ते बरोबरच असतं असा माझा घरात दबदबा होता.

काही वर्षांनी आमचे गुरुवार सुरू झाले तेव्हा ह्यांनी हेच नाटक आधी वाचू म्हणून हट्ट धरला. पण ते छापून आलेलं नव्हतं. मग आम्ही ते आठवून आठवून लिहिलं. वकीलकाकांनी पुण्याला दोनदा पाहिलं होतं, जाऊकडे एक अर्धवट सीडी होती. एकाला पहिलं वाक्य आठवायचं, दुसऱ्याला त्याचं उत्तर. चार महिने लागले. एका लांब रजिस्टरमध्ये मी सगळं सुवाच्य अक्षरात उतरवलं. सीडीत लोक जिथे हसले होते तिथे मी कंसात ‘हशा’ असं लिहिलं, आणि पुढे कितीतरी वर्षं आम्ही त्या जागी थांबत होतो. कुणी हसायचं नाही. आम्ही आपले थांबायचो आणि पुढे जायचो.

अंधारातलं वाक्य वहीत आलं ते माझ्या आठवणीतून. ह्यांना विचारलं तर म्हणाले, “मला नाही आठवत बुवा. पण तू म्हणतेस तर असेल. वाक्य झकास आहे.” वकीलकाकांना विचारलं. इंदूरच्या त्या प्रयोगाला आम्हा दोघांखेरीज ते एकटेच होते. ते म्हणाले, “हाँ हाँ, कुछ बोला तो था.” झालं, दोन साक्षीदार मिळाले. मी वहीत लिहिलं: ‘इथे दिवा घालवावा. दहा मोजावेत. मग मास्तर बोलतो.’

तेव्हापासून ती आमची रीतच पडली. दुसऱ्या अंकात ती जागा आली की मी उठून पडदा ओढायची, ट्यूबलाइट बंद करायची आणि मनात दहा मोजायची. मग अंधारातून ह्यांचा आवाज यायचा. एकदा शेजारीण बत्ती गेली समजून मेणबत्ती घेऊन आली आणि खोलीत सहा माणसं गप्प बसलेली बघून तशीच परत गेली.

तीन वर्षांपूर्वी ह्यांना लकवा झाला. सकाळी दाढी करताना ब्रश हातातून पडला. पाय दोन महिन्यांत बराच सुधारला, हातही थोडा आला, पण वाचा गेली ती गेलीच. कळायचं सगळं. डोळ्यांत दिसायचं की कळतंय. बोलायला जायचे आणि तोंडातून एकच आवाज पुन्हा पुन्हा यायचा, मग स्वतःच्याच मांडीवर मूठ मारायचे. स्पीच थेरपीची मुलगी घरी यायची. ती म्हणाली, “आंटीजी, जो इनकी ज़बान पे सालों से चढ़ा हो ना, वो बुलवाइए. आरती, गाना, कुछ भी.” आरतीचे दोन शब्द आले आणि थांबले.

गुरुवार बंदच होते. चौथ्या महिन्यात वकीलकाकांनी फोन केला की आम्ही येतोय, पोहे करू नका, कचोरी आणतो. सगळे आले. तेच नाटक काढलं. मास्तरची भूमिका वकीलकाका वाचत होते आणि हे दिवाणावर तक्क्याला टेकून ऐकत होते. दुसऱ्या अंकात ती जागा आली. मी सवयीने उठले, पडदा ओढला, दिवा घालवला. दहा मोजले. वकीलकाकांना अंधारात कागद दिसेना, ते चष्मा शोधत राहिले. आणि दिवाणाच्या बाजूने आवाज आला.

“कुणी... उठू नका. मी... इथेच आहे.”

मी दिवा लावायचं विसरले. अंधारातच रडून घेतलं. सगळेच रडत होते बहुतेक, कारण दिवा लाव असं कुणी म्हणेना.

त्यानंतर ह्यांची वाचा त्या नाटकाच्या मागून आली. आधी मास्तरची वाक्यं आली, मग त्या वाक्यांमधले शब्द सुटे होऊन घरात वापरता येऊ लागले. चहा हवा असला की हे “गाडी आली का?” असं विचारायचे, कारण मास्तर तसं विचारतो. औषध नको असलं की “वरून हुकूम नाही.” मी हसायची, मग हेही हसायचे. वर्षभरात स्वतःची वाक्यं बोलायला लागले, हळूहळू, अडखळत, पण स्वतःची. रोज तासभर मोठ्याने वाचायला हवं, थांबलात तर आलेलं परत जाईल, अशी थेरपीवालीने ताकीद दिली होती. आम्ही रोज वाचायचो, आणि गुरुवारी सगळ्यांबरोबर.

गेल्या वर्षी मंडळाने कळवलं की तो येतोय. नाटक घेऊन नाही, नुसती मुलाखत, रविवारी सकाळी अकराला. शेवटी प्रेक्षकांशी गप्पा.

ह्यांनी ठरवलं की त्याला एक वाक्य सांगायचं. आधी कागदावर लिहिलं, डाव्या हाताने. ‘माझी वाचा गेली होती, तुमच्या वाक्यांनी परत आली.’ तीन आठवडे हे वाक्य आमच्या घरात चाललं होतं. ‘वाचा’ यायचं, ‘वाक्यांनी’वर गाडी अडायची. मी म्हटलं, नाटकामुळे म्हणा, सोपं आहे. ऐकेनात. न्हाणीघरातून आवाज यायचा, “वा... वाक्... वाक्यां...” शनिवारी संध्याकाळी एका दमात आलं. मला पुन्हा म्हणून दाखवलं, फोनवर लेकीला म्हणून दाखवलं. त्या रात्री शर्टाला इस्त्री मी केली, पण बटणं ह्यांनी स्वतः तपासली.

आणि आम्ही सगळ्यांनी ठरवलं की त्याला आमची वही भेट द्यायची. मूळ रजिस्टर. जाऊने त्याला खणाचं कव्हर घातलं. आपल्या माणसाला आपल्या हातचं द्यावं, एवढाच विचार होता.

हॉल भरला होता. हे पुढच्या रांगेत कडेच्या खुर्चीवर, काठी पायाशी, कागद खिशात. मंडळाच्या सेक्रेटरींनी पहिला माइक ह्यांनाच द्यायचं कबूल केलं होतं. मुलाखत छान झाली. तो अजूनही सुरेख बोलतो, त्यात काही खोटं नाही. मग जाऊ स्टेजवर गेली, वही दिली आणि माइकवर थोडक्यात सांगितलं की आम्ही दर गुरुवारी घरी बसून तुमची नाटकं वाचतो. त्याने वही उघडली. रोज तीच पानं उघडली जात असल्यामुळे असेल, ती बरोबर तिथेच उघडली.

त्याने मोठ्याने वाचलं, “इथे दिवा घालवावा. दहा मोजावेत.” लोक हसले. “मग मास्तर बोलतो. कुणी उठू नका, मी इथेच आहे.” त्याने वर बघितलं. “हे कुणी लिहिलं? अहो, हे नाटकात नाहीये. मीही कधी म्हटलं नाही. अंधारात मी बोलत नाही, अंधार झाला की मी पाणी पितो.” हॉल खदखदून हसला. त्याला हसू मिळालं की तो सोडत नाही, हे आम्हाला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं. त्याने पान उलटलं. “आणि हे बघा, कंसात हशा! म्हणजे हसतं कोण, सोफा?”

पुन्हा हशा. माझी जाऊ तिथेच उभी होती, हात जोडलेले, चेहऱ्यावर हसू तसंच अडकलेलं.

मग तो जरा गंभीर झाला. तेच जास्त लागलं. “खरं सांगू? रागावू नका. सोफ्यावर बसून पोहे खात वाचणं, ह्याला नाटक म्हणत नाहीत. ही भिशी झाली. भिशी छान असते, जरूर करा. नाटक तेवढं आमच्यावर सोडा.”

पोह्यांचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. इंदूर म्हणजे पोहे, म्हणून त्याने ते असेच घातले. पण मला त्या क्षणी वाटलं की हा माणूस आपल्या खोलीत येऊन, आपल्या बशा बघून गेलाय. टाळ्या पडल्या. त्याने वही बाजूच्या टीपॉयवर ठेवली आणि तिच्यावर पाण्याचा ग्लास ठेवला.

सेक्रेटरींनी शब्द पाळला. पहिला माइक ह्यांच्याकडे आला. मी ह्यांच्याकडे बघत होते, मनातल्या मनात म्हणत होते, म्हणा, म्हणून टाका, वाचा गेली होती म्हणा, त्याला कळू दे. ह्यांनी माइक डाव्या हातात घेतला. त्याच्याकडे नुसतं बघितलं. आणि वळून मागच्या रांगेतल्या बाईला देऊन टाकला.

त्या बाईने त्याला आवडता पदार्थ विचारला.

आम्ही रिक्षा करून घरी आलो. वही तिथेच राहिली होती. मी परत आणायला जाणार होते, पण कुठल्या तोंडाने जायचं?

आमच्या लोकांचं पुढे काय झालं तेही सांगते. जाऊने घरी पोहोचताच फ्रिजवरचा फोटो कपाटामागे टाकला. आठवड्याने तो परत फ्रिजवर आला. मी बघितलं तर म्हणाली, “वहिनी, इतने साल का प्यार आहे, एकदम कसं निघेल?” मी तिच्यावर ओरडले आणि घरी येऊन त्याचंच एक जुनं नाटक यूट्यूबवर लावून बसले, म्हणून तिला पुढे काही बोलले नाही. वकीलकाकांनी त्याची बाजू घेतली. “बड़े आदमी हैं, प्रवासाने थकले असतील. मज़ाक केली थोडी.” मी म्हटलं, मस्करी करायला आमचीच वही सापडली का त्याला? सांवेरची मुलगी मात्र रागावलीच नाही. ती नुसती मलूल झाली. म्हणाली, “काकू, मला वाटत होतं आपण कुछ तो अच्छा करतोय.”

कुणीतरी तेवढा तुकडा फोनवर घेतला होता. मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तो आला, खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. त्यानंतर भाजी घेताना, लग्नात, बँकेत, कुणी ना कुणी विचारायचं, “काय मग, भिशी काय म्हणते?” वाईट हेतू नसायचा कुणाचा. पण माणूस किती वेळा हसून दाखवणार? दोन गुरुवार सगळे आले. तिसऱ्याला वकीलकाकांची कंबर धरली. मग सांवेरच्या मुलीची शाळा दुपारची झाली. मी पोहे भिजवायची थांबले.

मला ह्या सगळ्याचं दुःख होतं, पण ते गिळता आलं असतं. ह्यांनी वाचणं सोडलं, ते गिळता येईना. मी झेरॉक्स समोर धरायची, हे मान फिरवायचे. आरती म्हणा म्हटलं तर डोळे मिटायचे. थेरपीवाली येऊन समजावून गेली, रागावून गेली. आलेलं परत जाईल म्हणाली होती, तसं ते जायला लागलं. आधी लांब वाक्यं गेली. मग “गाडी आली का?” गेलं. चहा हवा असला की कपाकडे बोट दाखवायचे. पावसाळा संपेपर्यंत दिवसाला चार-सहा शब्द उरले होते. मी ते मोजायची. मोजायची सवय कुठे जाते?

मी मनात एकच धरून बसले होते. तो खोटं बोलला. त्याने ते वाक्य म्हटलं होतं, मी माझ्या कानांनी ऐकलं होतं, आणि वीस-बावीस वर्षांनी तो ते विसरला. हे सिद्ध केलं, ह्यांच्यासमोर पुरावा ठेवला, तर हे पुन्हा वाचतील. मला पुराव्याशिवाय चैन पडत नाही, आणि ह्यांनाही माझ्या पुराव्यांची सवय होती.

आधी वकीलकाकांना गाठलं. म्हटलं, तुम्ही होतात, तुम्ही ऐकलंत, चला ह्यांना सांगा. ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, “वहिनी, मला तर तेव्हाही ह्या कानाने कमीच ऐकू यायचं. आप बोलीं, म्हणून मी हो म्हटलं.”

मग मला आठवलं की राजवाड्याच्या मागे एक जुने दुकानदार आहेत. मंडळाच्या कार्यक्रमांना साउंड त्यांचाच असायचा, आणि ते कॅसेटवर कार्यक्रम टेप करून ठेवायचे. गेले. दुकानात आता मोबाईलची कव्हरं टांगलेली. ते गल्ल्यावर बसले होते. म्हटलं, फलाण्या नाटकाची टेप असेल का? “देखना पड़ेगा, बाईसाहब.” चार चकरा मारल्या. पाचव्या खेपेला त्यांनी एक कॅसेट काढून ठेवली होती. मी विचारलं, पण वीज गेली तेव्हा टेपही बंद पडला असेल ना? ते हसले. “अपना टेप सेल पे चलता था, उसका माइक भी. बत्ती का क्या भरोसा था उन दिनों?”

दुकानातच त्यांनी ती लावली. दुपारची वेळ, बाहेर गाड्यांचे हॉर्न. मी स्टुलावर बसून प्लेअरला कान लावला. दुसरा अंक आला. तो बोलता बोलता मध्येच थांबला. लोकांची कुजबुज झाली. कुणीतरी लांबून ओरडलं, “अरे भिया, बत्ती!” हसणं. खुर्च्यांची करकर. एक मूल रडलं. मी मोजत होते. कुठलंही वाक्य आलं नाही. एकदा टेबलावर ग्लास ठेवल्याचा आवाज आला, अगदी स्पष्ट. स्टेजवर ठेवलेल्या त्यांच्या माइकजवळून. मग जनरेटरची घरघर आणि टाळ्या.

तो खरं बोलला होता. तो पाणी पीत होता.

मी दुकानदारांना म्हटलं, पुन्हा लावा. पुन्हा खुर्च्या करकरल्या. आणि त्या करकरीबरोबर मला माझी खुर्ची आठवली. लाकडी, उठताना वर मिटणारी. अंधार झाल्याबरोबर मला लेकीची आठवण आली होती. तिला ताप, ती अंधाराला घाबरते, शेजारीही वीज गेली असेल, अशी मी घाबरीघुबरी होऊन उठायला लागले होते. आणि ह्यांनी माझं मनगट धरलं होतं. कानाशी येऊन म्हणाले होते, “उठू नकोस. मी इथेच आहे ना.”

ते त्याचं वाक्य कधी नव्हतंच. ते ह्यांचं होतं. मी ते उचलून त्याच्या तोंडी घातलं होतं. का घातलं? मला वाटतं, आमच्या समोरच्या खोलीतल्या, विमा कंपनीतल्या माणसाच्या तोंडी इतकं चांगलं वाक्य शोभेल हे मलाच कधी सुचलं नाही. चांगली वाक्यं नटाची असतात. मग ते स्वतःचंच वाक्य ह्यांनी वर्षानुवर्षं दुसऱ्याचं म्हणून वाचलं, त्यावर आपली वाचा परत उभी केली, आणि त्याचे आभार मानायला इस्त्रीचा शर्ट घालून गेले. माझ्या अक्षरातल्या माझ्या चुकीवर हॉल हसला. आणि त्याला मी सहा महिने शिव्या घालत होते.

घरी येऊन लगेच सांगण्याचं धाडस झालं नाही. दोन आठवडे गेले. मग एका गुरुवारी मी पोहे केले, दोघांपुरते. चारला ह्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि झेरॉक्स काढून दुसरा अंक वाचायला लागले. सगळ्यांच्या भूमिका मीच वाचल्या. वकीलकाकांचं काम जरा जाड आवाजात, जाऊचं रडून. ह्यांनी मान फिरवली नाही. खिडकीकडे बघत होते, पण ऐकत होते.

ती जागा आली. मी पडदा ओढला, दिवा घालवला आणि ह्यांच्या शेजारी दिवाणावर येऊन बसले. दहा मोजले. काही आलं नाही. मग मी सांगितलं. टेपचं सांगितलं, ग्लासचं सांगितलं, लेकीच्या तापाचं, मनगटाचं. “तो बरोबर होता,” मी म्हटलं. “त्याने म्हटलंच नव्हतं. तुम्ही म्हटलं होतं. मला. माझी चूक झाली. ते तुमचं वाक्य आहे.”

अंधारात त्यांचा श्वास ऐकू येत होता. ओठ जुळवताना व्हायचा तो आवाज, मग पुन्हा तो आवाज. मला वाटलं येणार. इतक्या महिन्यांत असा प्रयत्न केला नव्हता त्यांनी. मी त्यांच्या हाताखाली माझं मनगट नेऊन ठेवलं.

“म... मला,” हे म्हणाले. बराच वेळ गेला. “मला... आठवत... नाही.”

पूर्ण वाक्य होतं. सगळे शब्द होते, क्रमाने, स्वतःचे. थेरपीवालीला सांगितलं असतं तर ती खूश झाली असती.

म्हणजे ते वाक्य म्हणणाऱ्याच्या आठवणीतून गेलेलं होतं, टेपवर आलेलं नव्हतं, आणि वही कुठे आहे ते कुणालाच माहीत नव्हतं. ऐकलेलं माणूस एकच, मी. बाहेर कुणाची तरी स्कूटर थांबली आणि गेली. दहा कधीच मोजून झाले होते. दिवा लावायला उठायला हवं होतं.

मी उठले नाही.